मांसाहारी बैल उभा राहीना

तक्रार

नवतपा लागला होता. नागपुरात त्या नऊ दिवसांत दुपारी एक ते पाच कोणी कोणाला फोनसुद्धा करत नाही; कूलरसमोर पडून राहायचं, एवढंच काम. अशाच एका दुपारी भाच्याचा फोन आला. "मामा, कार्नो पडून राहिला. उभाच नाही होऊन राहिला."

कार्नो म्हणजे कार्नोटॉरस, डोळ्यांवर दोन शिंगं असलेला मांसभक्षक डायनासोर. भाच्याच्या शोकेसमधला सगळ्यात महागाचा आणि सगळ्यात लाडका नग. पहिल्यांदा तो पडला तेव्हा आळ मांजरीवर गेला. दुसऱ्यांदा झाडूपोछा करणाऱ्या मावशींवर. तिसऱ्या वेळी मात्र घराला कुलूप होतं, सगळे लग्नाला काटोलला गेले होते. परत येऊन पाहतात तर कार्नो शोकेसच्या काचेला नाक टेकवून तिरका झालेला, एखादा माणूस बंद दुकानाच्या काचेतून आत डोकावतो तसा. मांजर निर्दोष सुटली. मावशींची कोणी माफी मागितली की नाही, ते मला सांगण्यात आलं नाही.

मी स्वतः पंधरा-सोळा वर्षं ही खेळणी जमवतो, त्यामुळे आमच्या घराण्यात प्लॅस्टिकच्या जनावरांचा डॉक्टर मीच. हे एक प्रकरण सविस्तर लिहून ठेवतोय, कारण दोन पायांवरचा डायनासोर उन्हाळ्यात कलंडणं ही आपल्याकडची नेहमीची व्याधी आहे. तिच्यावरचा गरम पाण्याचा उपायही बहुतेकांना ऐकून माहीत असतो. पण या नगाच्या बाबतीत गरम पाण्याने अर्धंच काम झालं. उरलेलं अर्धं कुठे अडलं, ते शोधताना आम्ही पार अर्जेंटिनापर्यंत जाऊन आलो.

नग

नाकाच्या शेंड्यापासून शेपटीच्या टोकापर्यंत, पाठीवरून दोरा लावून मोजला तर २० सेंटिमीटर. वजन स्वयंपाकघरातल्या काट्यावर ९६ ग्रॅम. भरीव पीव्हीसी, आत पोकळ नाही. पोटाला नख दाबलं तर किंचित रुततं. अंग विटकरी, पोट पिवळसर, तोंड उघडं, जीभ रंगवलेली. डावा पाय पुढे, उजवा मागे, शेपटी चाबकासारखी वर वळलेली. शिल्पकाराचा हात चांगला आहे, यात वाद नाही. मानेच्या वळ्या, ओठांच्या कडा, नखांवरचा काळा रंग, सगळं मनापासून केलेलं.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. दोष एका कंपनीचा नव्हेच; असे नग मी चार-पाच निरनिराळ्या कारखान्यांचे पाहिले आहेत.

हा नग ताईच्या एका मैत्रिणीने जर्मनीहून येताना बॅगेत घालून आणला होता. का, ते जमवणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांना आयएसआय चिन्ह सक्तीचं झालं. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. मुलांच्या तोंडात जाणाऱ्या वस्तूंची तपासणी व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम असा की परदेशी बनावटीचा एखादा चांगला डायनासोर हवा असेल तर कोणाची तरी बॅग गाठावी लागते. आणि त्या बॅगेत चॉकलेटं आणि शाम्पूच्या बाटल्यांमध्ये चेंगरून तो हजारो किलोमीटर प्रवास करतो. हा मुद्दा पुढे लागेल.

मूळ जनावर

कार्नोटॉरसबद्दल माणसाला जे काही माहीत आहे ते जवळपास सगळं एका सांगाड्यातून आलं आहे. एकाच. दुसरा सापडलेला नाही. अर्जेंटिनाच्या दक्षिणेला, पाटागोनियातल्या चुबुत प्रांतात, तेलसेन भागातल्या एका कुरणवाल्याच्या जमिनीत तो १९८४ मध्ये मिळाला. खोसे बोनापार्ते या पुराजीवशास्त्रज्ञाच्या तुकडीने तो काढला आणि १९८५ मध्ये त्याने नाव दिलं: कार्नोटॉरस सास्त्रेई. पहिला शब्द लॅटिन, अर्थ 'मांस खाणारा बैल'. दुसरा त्या जमिनीच्या मालकाच्या, सास्त्रे यांच्या नावावरून. ज्याच्या वावरात हाड निघालं त्याचं नाव शास्त्राच्या वहीत चढावं, ही पद्धत मला आवडते. सांगाडा आता ब्वेनोस आइरेसच्या निसर्गविज्ञान संग्रहालयात आहे.

जनावर सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीचं. लांबी साडेसात ते आठ मीटर, वजन दीड-दोन टनांच्या आसपास. हाडं लोहाच्या कठीण दगडी गाठीत अडकलेली होती, तीतून ती सोडवणं जिकिरीचं गेलं. पण त्या दगडानेच एक उपकारही केला: अंगाच्या उजव्या बाजूच्या कातडीचे ठसे टिकले. जनावर उजव्या कुशीवर, मान मागे वळवून पडलं होतं, आणि खालच्या गाळात कातडी उमटून राहिली. मोठ्या मांसभक्षक डायनासोरांत कातडीचा एवढा पुरावा फारच थोड्यांचा आहे.

या सांगाड्यात तीन गोष्टी नाहीत. शेपटीचा मागचा सुमारे दोन तृतीयांश भाग नाही. नडग्यांचा बराचसा भाग नाही. आणि पावलं अजिबात नाहीत.

हे मी भाच्याला सांगितलं तेव्हा तो बराच वेळ कार्नोच्या पायांकडे पाहत राहिला. "मग हे पाय कोणाचे?"

प्रश्न बरोबर होता. जगातल्या प्रत्येक खेळण्यातल्या, चित्रातल्या, पडद्यावरच्या कार्नोटॉरसचे पाय उसने आहेत. त्याच्या कुळातले इतर प्राणी, म्हणजे मादागास्करचा माजुंगासॉरस किंवा अर्जेंटिनाचाच ऑकासॉरस, यांच्या पायांवरून अंदाज बांधून ते बसवले जातात. संग्रहालयात उभ्या केलेल्या सांगाड्यांचेसुद्धा. अंदाज शहाणपणाचा असतो. कुळातली ठेवण फारशी बदलत नाही. पण खेळण्याच्या कारखान्यात त्या अंदाजावर आणखी एक ओझं येतं. पाऊल केवढं करायचं हे तिथे हाडं सांगत नाहीत, तोल सांगतो. म्हणून कुणी बदकासारखी पसरट पावलं करतो, कुणी शेपटी जमिनीला टेकवून तिचा तिसरा पाय बनवतो, कुणी सरळ खाली चकती जोडतो. आमच्या नगाच्या शिल्पकाराने यांपैकी काहीच केलं नव्हतं. दिसायला म्हणूनच तो इतका सुंदर होता.

मोजमाप

नगावर प्रमाण छापलेलं नव्हतं. २० सेंटिमीटर म्हणजे ८ मीटर धरलं तर प्रमाण १:४० येतं. जमवणाऱ्यांना हे प्रमाण ओळखीचं आहे. पिट्सबर्गच्या कार्नेगी संग्रहालयाच्या मान्यतेने अमेरिकेत १९८८ पासून २०१५ पर्यंत निघालेली खेळण्यांची मालिकाही १:४० चीच होती.

आता मूळ कवटीची लांबी सुमारे ६० सेंटिमीटर आहे. म्हणजे खेळण्यात ती १५ मिलिमीटर हवी. भाच्याने कंपासपेटीतली पट्टी लावून मोजली: २१. लांबीत दीडपटीच्याही आत, म्हणजे काही फार नाही असं वाटेल. पण डोकं फक्त लांबीत वाढत नाही, रुंदी आणि उंचीतही वाढतं. १.४ गुणिले १.४ गुणिले १.४ करा, पावणेतीनपटीला थोडं कमी येतं. एवढं जास्तीचं प्लॅस्टिक जनावराच्या अगदी पुढच्या टोकाला, उघड्या जबड्यासकट लटकत होतं.

शिंगांचीही तीच गत. मूळ शिंगं कपाळाच्या हाडातूनच निघालेली, बाजूला आणि किंचित वर झुकलेली, सुमारे १५ सेंटिमीटरची. प्रमाणाने पावणेचार मिलिमीटर. नगाची ७ निघाली. इथे मात्र मी कारखान्याला थोडी सूट देतो. आपल्या बैलाच्या शिंगात जसं आत हाड आणि वर कठीण खोळ असते, तशी खोळ कार्नोटॉरसलाही असावी, आणि ती जिवंतपणी हाडापेक्षा लांब असणार. पण दुप्पट? गिऱ्हाइकाला शिंगं दिसायला हवीत, हा खरा हिशेब. शिंगंच दिसली नाहीत तर कार्नोटॉरस घ्यायचा कशाला.

हात पाहून मला हसू आलं. मूळ प्राण्याचे हात टायरॅनोसॉरसपेक्षाही आखूड; कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग तर दंडाच्या जेमतेम पाव. मनगटाची हाडंच नाहीत, तळहात थेट हाताला चिकटलेला. नगाला मात्र छान वाकणारी मनगटं आणि पुढे काढलेले पंजे होते, जणू हातात ट्रे द्यायचा राहिलाय. तोलावर याचा परिणाम नगण्य, म्हणून सोडून देतो.

कातडीवर उंचवट्यांच्या सरळ रांगा होत्या, मानेपासून शेपटीपर्यंत ओळीने. हे जुन्या समजुतीप्रमाणे आहे. २०२१ मध्ये हेंड्रिक्स आणि बेल या शास्त्रज्ञांनी ठसे नव्याने तपासले, तेव्हा मोठे खवले ओळीने नव्हते, कसेही विखुरलेले होते, असं निघालं. सर्वांत मोठे साडेसहा सेंटिमीटर व्यासाचे. खेळण्यात दीड मिलिमीटरचे ठिपके, विस्कटून टाकलेले. ओळी पाडायला सोप्या असतात आणि बघायला नीटनेटक्या वाटतात. खऱ्या अंगावर त्या नव्हत्या.

राहिली शेपटी. तिच्यापाशी मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो.

२०११ मध्ये पर्सन्स आणि करी या दोघांनी कार्नोटॉरसच्या शेपटीच्या बुंध्याच्या मणक्यांवर एक निबंध लिहिला. त्या मणक्यांची बाजूची हाडं आडवी नसून वर उचललेली आहेत, समोरून पाहिलं तर इंग्रजी व्ही अक्षरासारखी. त्यामुळे खाली मांडी मागे खेचणाऱ्या स्नायूला प्रचंड जागा मिळते. त्यांच्या अंदाजाने हा एकच स्नायू, एका पायाचा, १११ ते १३७ किलो भरत असावा. म्हणजे दोन धट्टेकट्टे माणूस एका बाजूला, दोन दुसऱ्या बाजूला, शेपटीच्या मुळाशी बांधल्यासारखे. शिवाय ती हाडं एकमेकांत अडकत असल्याने बुंधा ताठ. जनावर सरळ रेषेत सुसाट पळणार, पण चटकन वळताना त्याची अडचण होणार.

आता आमच्या नगाची शेपटी: बुंध्यापाशीच बारीक, आणि पुढे चाबकासारखी लवलेली. खऱ्या जनावरात जिथे सगळ्यात जाड मांस, तिथे प्लॅस्टिक सगळ्यात कमी.

निदान

आधी वाटलं, सगळा उन्हाचा खेळ. पीव्हीसी मुळात कडक असतं. आपल्या पाण्याच्या पाइपचंच ते प्लॅस्टिक. खेळण्यासाठी ते मऊ करायला त्यात तेलकट मिश्रण घालतात. मऊ पीव्हीसीला उष्णता आणि सततचा भार एकत्र मिळाला की ते हळूहळू, डोळ्यांना न दिसता, वाकत जातं. गच्चीवरचा कडक पाइपसुद्धा दोन आधारांमध्ये पोटात झोळ देतो, मग बोटभर जाडीचा मऊ घोटा कसा टिकेल?

ताईची शोकेस पश्चिमेच्या खिडकीसमोर. साडेतीन वाजले की ऊन काचेतून थेट आत. मी खोलीतला तापमापक तासभर कार्नोच्या शेजारी ठेवला, पारा ५० च्या वर गेला. विटकरी रंगाचं अंग त्याहून तापत असणार. शेजारचा फिकट रंगाचा ब्रॅकिओसॉरस मजेत होता, पण त्याला चार पाय आहेत.

तरी एक शंका होती. ऊन दोन्ही घोट्यांना सारखंच लागतं, पण वाकला होता फक्त डावा, आणि तोही आतल्या बाजूला. पुढे टाकलेला पाय असल्याने त्याच्यावर भार जास्त, हे खरं. पण बॅगेतला प्रवास? बाटल्यांमध्ये दाबून आलेला पाय आधीच वाकलेला असेल तर?

हे कसं ओळखायचं? मऊ पीव्हीसीची एक खोड इथे उपयोगी पडते. साच्यात थंड होताना घेतलेला आकार ते पूर्ण विसरत नाही. नंतर दाबून वाकवलेलं असेल तर गरम पाण्यात ते बरंचसं आपणहून मूळ जागी येतं. म्हणून पहिल्या बुडीच्या वेळी हात लावायचा नाही, फक्त बघायचं.

त्याआधी एक काम केलं, शाळेतल्या प्रयोगासारखं. कार्नोला कमरेत दोरा बांधून पंख्याच्या रेग्युलेटरच्या बटणाला टांगलं, त्याच दोऱ्याला खाली किल्ली बांधून ओळंबा केला, आणि फोनवर बाजूने फोटो काढला. मग मानेला दोरा बांधून पुन्हा तेच. दोन्ही फोटोंतल्या दोऱ्याच्या रेषा जिथे छेदतात तो गुरुत्वमध्य. भाच्याची आजी, म्हणजे माझी आई, दारातून बघत होती. "त्या बिचाऱ्याला फाशी काहून देऊन राहिले?" एवढंच विचारून ती आत गेली.

गुरुत्वमध्यातून सरळ खाली येणारी रेषा पडत होती पुढच्या बोटांच्या टोकापासून सुमारे एक मिलिमीटर पुढे. म्हणजे नग उभा राहणं शक्यच नव्हतं.

गरम पाणी

पाणी उकळतं नको. चहाचं आधण ठेवल्यावर भांड्याच्या तळाला बारीक बुडबुडे धरतात, तेवढंच गरम. बोट घालून बघायचं नाही. लहान मुलांनी हे करायचंच नाही. भाच्याला मी चार हात लांब स्टुलावर बसवलं होतं. नग पोकळ असेल तर आत पाणी शिरून महिनाभर वास येतो, म्हणून आधी खात्री करायची. आमचा भरीव होता. फक्त गुडघ्याखालचा भाग बुडवला, चिमट्याने कमरेला धरून.

पाऊण मिनिटाने डावा घोटा हलू लागला. कोणी हात न लावता पाऊल हळूच बाहेरच्या बाजूला सरकलं, झोपेत कूस बदलावी तसं. भाचा स्टुलावरून उडी मारून आला. माझा संशय खरा ठरला होता: पाय आधी प्रवासात दबला, मग उन्हाने त्यावर कळस चढवला.

दीड मिनिटाने बाहेर काढून फरशीवर टेकवलं, घोटा हव्या त्या जागेच्या किंचित पलीकडे नेला, कारण सोडल्यावर तो थोडा परत येतोच. तसंच धरून थेट फ्रीजमधल्या बर्फाच्या पाण्यात. तिथेही हात सोडायचा नाही, निदान दोन मिनिटं. लोक इथेच घाई करतात आणि मग उपाय लागू पडत नाही म्हणतात. रंगाला काही झालं नाही.

कार्नो उभा राहिला. टाळ्या झाल्या. ताईने सरबत केलं.

रात्री साडेनऊला फोन. बाहेरचं दार आपटलं, कार्नो पडला.

कणीक

दुसऱ्या दिवशी परत दोरा, परत किल्ली. रेषा आता बोटांच्या टोकाच्या आत होती, पण जेमतेम दोन मिलिमीटर. दोन्ही पावलं मिळून टेकणारी जागा पुढून मागे २४ मिलिमीटर. तिच्या मधोमध भार असता तर दोन्हीकडे १२ मिलिमीटरची मुभा मिळाली असती. आमचा नग कड्याच्या टोकावर उभा होता. दार आपटलं, कोणी धावत गेलं, शोकेस पुसली, की संपलं.

म्हणजे हे साच्यातून निघाल्यापासूनच असं होतं. गरम पाणी त्याला फार तर मूळ घडणीपर्यंत नेऊ शकतं, आणि मूळ घडणच पुढे झुकलेली. एरवी अशा वेळी मी आणखी वाकवून नग थोडा मागे रेलवतो. पण तसं केलं की जनावर बसायला जागा शोधतंय असं दिसतं, आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा तेच.

ताई पोळ्या करत होती. मी परातीतून कणकेचा गोळा उचलला आणि शेपटीच्या बुंध्याला दोन्ही बाजूंनी थापला, साधारण जिथे ते शंभर-सव्वाशे किलोचे स्नायू असायला हवेत तिथे. भाच्याने टेबलावर हात आपटला. कार्नो हलला, पण पडला नाही. पुन्हा आपटला. नाही पडला. कणीक काढून तोलली: ११ ग्रॅम. पावलांच्या मध्यापासून ती सुमारे २५ मिलिमीटर मागे होती. हिशेब केला तर गुरुत्वमध्य सुमारे साडेतीन मिलिमीटर मागे सरकला होता. दोनाचे साडेपाच झाले. तेवढं पुरलं.

मला स्वतःला हा या प्रकरणातला सगळ्यात मोठा धक्का होता. इतकी वर्षं मी असंच धरून चाललो होतो की शास्त्राला धरून केलेला दोन पायांचा डायनासोर उभा राहत नाही, म्हणूनच बिचाऱ्या कारखानदाराला तडजोड करावी लागते. पावलं मोठी करा, शेपटी टेकवा, इत्यादी. इथे उलट होतं. डोकं मोजून केलं असतं आणि शेपटीचा बुंधा हाडं सांगतात तेवढा जाड ठेवला असता, तर पावलांना हात न लावता हा नग उभा राहिला असता. खरं जनावर दोन टनांचं अंग कमरेवर तोलून पळत होतं, ते काही चकतीच्या आधाराने नव्हे. सगळ्याच नगांना हे लागू होईल असं नाही. चाललेलं पाऊल, वळलेली मान, प्रत्येकाचा हिशेब वेगळा. पण घरी गेल्यावर माझ्या कपाटातले शिंगवाले चार नग मी बोटाने ढकलून पाहिले. जाड शेपटीचे दोन तग धरून राहिले.

मतभेद

आता पुढे काय, यावर घरात दोन तट पडले.

माझं मत: एम-सीलने बुंधा कायमचा जाड करावा, वर विटकरी रंग द्यावा. शास्त्रालाही धरून, तोलालाही. भाऊजींचं मत: महागाची वस्तू आहे, कंपनीच्या मूळ रूपात हात घातला की किंमत गेली. ते हिशेबाचे माणूस, आणि त्यांचं खोटं नव्हतं. जमवणाऱ्यांच्या बाजारात रंग न खरवडलेला, काही न जोडलेला नगच चालतो. खोक्यासकट असेल तर आणखी बरं. आमचं खोकं जर्मनीतच राहिलं होतं, ते सोडा.

भाच्याला दोन्ही पटलं नाही. त्याचा नग, त्याचा निर्णय. त्याने शोकेसच्या खालच्या कप्प्यातून दुसरा बैल काढला: तान्ह्या पोळ्याचा, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलं मिरवतात तो लाकडी नंदी, आजोबांनी घेऊन दिलेला. पाटीवर उभा, खाली चार चाकं, शिंगांना बेगड. "हा कधीच नाही पडत," तो म्हणाला. "याला पण अशी पाटी करा."

मी इतका वेळ सात कोटी वर्षं मागे जाऊन आलो आणि उपाय खालच्या कप्प्यात होता.

सुताराकडून सागाची बोटभर जाडीची फळी आणली. पावलांना भोकं पाडली नाहीत. तळव्याखाली फळीतून दोन बारीक स्टीलच्या तारा वर काढल्या आणि नडगीच्या मागून मांडीपर्यंत नेऊन रंगाने झाकल्या. नगाला कुठे छेद नाही, कधीही सोडवता येतो, भाऊजी खूश. फळीला वॉर्निश लावायचं मी टाळलं. मऊ पीव्हीसीमधलं तेलकट मिश्रण वॉर्निशला चिकटून डाग पाडतं, आणि नगही चिकट होतो. याच कारणाने नग प्लॅस्टिकच्या पिशवीत गच्च बांधून ठेवू नयेत. शोकेस पूर्वेच्या भिंतीला हलवली. ताईने त्यासाठी फ्रीजची जागा बदलली, तिच्या त्यागाची इथे नोंद करतो.

फळीवर भाच्याने स्वतःच्या हाताने नाव लिहिलं. खाली गाव म्हणून "चुबुत" लिहिलं, आणि मग विचारलं, याचे नातेवाईक आपल्याकडे होते का. होते. जबलपूरच्या बारा सिमला टेकडीतून निघालेल्या हाडांवरून इंडोसुकस आणि इंडोसॉरस ही नावं १९३३ मध्येच दिली गेली होती, कार्नोटॉरसच्या आधी पन्नासहून जास्त वर्षं. ते याच कुळातले, हे नंतर कळलं. गुजरातेतल्या रहियोलीला १९८०च्या दशकात मिळालेल्या हाडांवरून २००३ मध्ये राजासॉरस नर्मदेन्सिस जाहीर झाला, त्याच्याही कपाळावर एक बुटकं शिंग आहे. ज्या थरांत हे सापडले, ते लॅमेटा नावाच्या खडकांचे थर वरोऱ्याजवळच्या पिसदुऱ्यातही आहेत; तिथून मोठ्या शाकाहारी डायनासोरांची हाडं आणि त्यांचं दगड झालेलं शेण निघालं आहे. अर्जेंटिना, मादागास्कर आणि आपण एकेकाळी एकाच खंडाचे भाग होतो, आणि त्या खंडाला जे नाव आहे, गोंडवन, ते आपल्या गोंडांच्या मुलखावरूनच गेलेलं.

"मग चुबुत खोडून गोंडवन लिहू?"

दोन्ही ठेव म्हटलं.

पुढची तपासणी

जून, जुलै, ऑगस्ट. कार्नो एकदाही पडला नाही. घोट्याचा कोन मी दर महिन्याला फोटो काढून पाहिला, फरक नाही. खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात.

मधे तान्हा पोळा आला. फळीला खाली चाकं लावायची मागणी झाली होती, ती मी आदल्या रात्री पुरी केली. सकाळी भाचा निघाला: एका हातात नंदीची दोरी, दुसऱ्या हातात कार्नोची, त्याच्या शिंगांनाही बेगड. गल्लीत घरोघर बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा झाला. शेजारच्या आजींनी नंदीच्या कपाळाला कुंकू लावलं, मग चष्मा वर करून दुसऱ्याकडे पाहिलं.

"हा कोणता रे बैल?"

"मांस खाणारा."

आजी क्षणभर थांबल्या. मग वाकून त्याच्याही दोन शिंगांच्या मधे बोट टेकवलं.

"आजी, हळू," भाचा म्हणाला, "त्याचं डोकं जड आहे."